सात आठवड्यांची जुनी बाग

“श्वास सोड, डिकरी. छाती फुगवून उभी राहिली तर माप चुकेल नी.”

मी श्वास सोडला. एका चौकोनी खड्ड्याच्या तळाशी मी उभी होते, साडी पिंढऱ्यांपर्यंत खोचलेली. वरून मेहेरबानशेठ ईराणी चिकू उतरवायची लांब काठी खड्ड्यावर आडवी टाकून वाकून बघत होते. सहा फूट उंची, पांढऱ्या मिश्या, डोक्यावर काळी टोपी. खड्ड्याची कड माझ्या हनुवटीला यायला हवी होती. ती माझ्या डोक्याच्याही वर चार बोटं गेली होती.

“फार खोल झाला, काकड्या,” ते म्हणाले आणि त्यांनी दोन हात पसरून किती भर घालायची ते दाखवलं. काकड्या हा त्यांच्या वाडीचा मुकादम, पन्नाशीचा वारली गडी. माझ्याकडे बघून हसू येऊ नये म्हणून तो सुरूच्या झाडांकडे तोंड करून उभा होता. मला ते पाठीवरूनही दिसत होतं.

बागायतशास्त्रात मी विद्यापीठात तिसरी आले होते. चार वर्षं घासून मिळवलेल्या त्या पदवीतलं काही म्हणजे काही त्या माणसाच्या उपयोगी पडलं नव्हतं. उपयोगी पडली ती माझी उंची, चार फूट दहा इंच, जिच्यावरून आमच्या घरात माझ्या लग्नाच्या गोष्टी दोनदा फिसकटल्या होत्या.

हे सन त्र्याहत्तरचं सांगते आहे. बोर्डीला आमची कलमांची रोपवाटिका होती, ‘सावे यांची कलमं’ म्हणून डहाणूपर्यंत नाव होतं. त्या डिसेंबरात बाबांचा गुडघा धरला आणि मेहेरबानशेठचा निरोप आला, म्हणून बाबांनी मला पाठवलं. चिकूची कलमं हवी असतील, असं धरून मी वही-पेन्सिल घेऊन गेले. शेठनी मला व्हरांड्यात बसवलं, चहा दिला, आणि मग दार लोटून घेऊन म्हणाले, की मला एक अठ्ठावीस वर्षं जुना बाग पाहिजे, आणि तो सात आठवड्यांत पाहिजे.

मला वाटलं, माझं ऐकण्यात काही चुकलं. नव्हतं चुकलं.

शेठ मूळचे इराणातल्या यझ्द शहराजवळच्या एका खेड्यातले. बाराव्या वर्षी काकाबरोबर बोटीनं मुंबईला आले, काकाच्या हॉटेलात कपबशा विसळत मोठे झाले, आणि पुढं इथं चिकूची वाडी घेऊन राहिले. आई लहानपणीच गेलेली. त्यांना वाढवलं ते पाच वर्षांनी मोठ्या बहिणीनं, गोहरनं. ती तिकडेच राहिली. इथं वाडी घेतली तेव्हा शेठनी तिला पत्र लिहिलं. परक्या मुलखात भाऊ एकटा आहे म्हणून तिनं झुरू नये, एवढाच हेतू. त्यात लिहून टाकलं, की मी इथं अगदी बापाच्या बागेसारखा बाग केला आहे.

तिचं उलट पत्र आलं: झाडं किती? शेठनी आकडा कळवला. पुढच्या पत्रात: पाणी कुठून येतं? शेठनी तेही कळवलं. पायऱ्या किती, डाळिंबं कुठल्या बाजूला, हौदात आभाळ दिसतं का. अठ्ठावीस वर्षं ती बाग पत्रांतून वाढत राहिली. तिला दोनदा नवीन कुंपण झालं, एकदा टोळधाड आली. आणि आता बहिणीनं कळवलं होतं, की मुलं मार्गी लागली, मालक वारले, जानेवारीअखेरच्या बोटीनं मी तुझी बाग बघायला येते आहे.

“तिला काय दाखवू, चिकू?” शेठ म्हणाले. “तिच्याशी मी आयुष्यात एकच गोष्ट खोटा बोललो, डिकरी. अठ्ठावीस वर्षं बोललो, पण एकच.”

मला हसू आवरेना, आणि ते बघून त्यांचे डोळे भरून आले, तेव्हा मी हसायची थांबले. ते म्हणाले, तिची नजर फार तेज. भाजीत मीठ कमी पडलं तर तिला वासावरून कळायचं. एक दगड इकडचा तिकडे झाला तरी ती ओळखेल, आणि मग आयुष्यात मी लिहिलेल्या बाकीच्या सगळ्या गोष्टींवरचाही तिचा विश्वास उडेल. बायको गेली तेव्हा मी बरा आहे असं लिहिलं होतं. तेही.

मी हो म्हणाले. तरुण होते, आणि पदवी ताजी होती.

दुसऱ्या दिवशी मी जय्यत तयारीनं गेले. ग्रंथालयातून टिपणं काढून नेली होती, ती उभी राहून वाचून दाखवली. इराणी बाग म्हणजे भिंतीनं बंदिस्त चौकोन, पाण्याच्या दोन पाटांनी त्याचे चार भाग केलेले, मध्ये हौद. अडीच हजार वर्षांपूर्वी तिथल्या एका सम्राटानं बांधलेल्या बागेचे दगडी पाट अजून वाळवंटात दिसतात. हीच आखणी पुढं बादशहांबरोबर हिंदुस्थानात आली, ताजमहालासमोर तीच आहे. ‘पॅरडाइज’ हा स्वर्गाचा इंग्रजी शब्दसुद्धा भिंतीआडच्या बागेच्या जुन्या इराणी शब्दावरून आला.

शेठनी सगळं शांतपणे ऐकलं. मग विचारलं, त्या राजाच्या बागेत डाळिंबं कुठं होती? ते टिपणात नव्हतं.

“मग मी सांगतो तिथं लाव,” ते म्हणाले.

ते जे सांगत ते रोज बदलायचं. सोमवारी पाट सरळ असायचा, बुधवारी त्याला मध्ये एक उतरती शिळा यायची, जिच्यावरून पाणी खळखळत उतरायचं. पण पहिलं मोठं भांडण वाफ्यांवरून झालं. मी वाफे वाटेपेक्षा वीतभर उंच काढले होते, आमच्याकडे काढतात तसे. शेठनी ते बघितले आणि मटकन खालीच बसले. त्यांच्याकडे वाफा वाटेपेक्षा गुडघाभर खोल. पाणी सोडलं की त्यात मुरत राहायचं, आणि रोपं वाढली की फुलं बरोबर वाटेच्या पातळीला यायची, म्हणजे चालणाऱ्याला गालिच्यावरून चालल्यासारखं वाटावं. मी सांगितलं, की यझ्दला वर्षाकाठी चार थेंब पडत असतील, आमच्याकडे पावसाळा असतो, तुमच्या गालिच्यात जुलैत बेडूक पोहतील. दोन दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी शेठ म्हणाले, जुलैत माझी बहीण इथं नसेल, आणि बेडकांना मी पत्र लिहीत नाही. मी वाफे खोल केले.

दुसरी चूक माझी नव्हती. हौद गळ्याइतका खोल, वाट सात पावलं रुंद, भिंत हात वर केला तरी पोचू नये इतकी उंच. शेठनी स्वतः चालून मापं दिली, काकड्याच्या माणसांनी खणलं, आणि जे झालं त्यात जहाज बांधता आलं असतं. त्यांच्या आठवणीतल्यापेक्षा काहीतरी भलतंच मोठं दिसत होतं, आणि का ते त्यांना समजेना. मला समजलं, कारण बुटक्या माणसाला हे लवकर समजतं. मी विचारलं, शेठ, बाराव्या वर्षी तुम्ही केवढे होता? त्यांनी माझ्याकडे बघितलं, वरपासून खालपर्यंत, आणि त्यांचा चेहरा असा उजळला, की मला आपण विचारलं याचा पश्चात्ताप झाला.

तेव्हापासून त्या बागेचं माप मी. वाट माझ्या सात पावलांची. पायरी माझ्या नडगीइतकी. भिंत माझा हात उंचावून वर वीतभर. चारी पाटांवरून मी चालले, हौदात उतरले, वाफ्यात उकिडवी बसले, आणि काकड्या माझ्या मागून खुंट्या ठोकत फिरला. घरी बाबांनी विचारलं, काम कसं चाललंय. मी म्हटलं, मोजमाप चाललंय.

असंच एकदा मोजताना मी विचारलं, की तुमच्या घराच्या खिडक्या बागेच्या कुठल्या बाजूला होत्या, म्हणजे तिकडून कशी दिसायची ते धरता येईल. शेठनी टोपी काढून पुन्हा घातली. मग म्हणाले, घर भिंतीबाहेर होतं. दोन खोल्या. बाग एका व्यापाऱ्याची, तो शहरात राहायचा, वर्षाकाठी आठ दिवस येऊन खरबुजं खाऊन जायचा. आपला बाप त्या बागेचा माळी.

“पण बाग बापाचाच,” ते म्हणाले. “मालकाला पाणी कुठनं येतो ते पण ठाऊक नव्हता.”

मला ते पटलं. माळ्याच्याच घरात वाढलेय मी.

भिंतीच्या दोन बाजू वाडीच्या होत्याच, दोन नव्या उठवल्या. जुन्या गोदामाचं जाड लाकडी दार, कडीसकट, काढून त्यात बसवलं. तिकडच्या बागेतली सरूची उंच निमुळती झाडं सात आठवड्यांत वाढवणं देवालाही शक्य नव्हतं. म्हणून समुद्राचा वारा अडवायला लावलेली सुरूची जुनी रांग होती तिच्याभोवतीच आम्ही बाग आखली. सुरूनं सरूची जबाबदारी बरी सांभाळली. फुलझाडं आमच्या रोपवाटिकेतून कुंड्यांसकट आणून वाफ्यांत पुरली, काठ मातीनं झाकून. दगड जुने दिसावेत म्हणून मी त्यांना ताक फासलं. त्यानं शेवाळ धरतं असं पुस्तकात होतं. शेवाळ धरलं नाही. मुंग्या आल्या, आणि वाडीतली तिन्ही कुत्री दिवसभर पायऱ्या चाटत बसली.

शेवटचा घोळ हौदाचा. शेठचं म्हणणं, हौद काठोकाठ भरून चारी बाजूंनी सारखा सांडला पाहिजे, कागदाइतका पातळ, आणि वरचं पाणी मात्र हलता कामा नये. मी पाणसळ लावून काठ तपासला, बुडबुडा अगदी मध्यावर. पाणी सोडलं तर सगळं पूर्वेकडून वाहून गेलं. मी पाणसळ बदलली. पाणी पुन्हा पूर्वेकडून. काकड्या तोवर विडी ओढत होता. तो म्हणाला, “बाय, पान्यालाच विचारा ना.” त्यानं हौद काठाच्या दोन बोटं खाली भरला, पाणी थिरावू दिलं, चारी बाजूंना पाण्याच्या रेषेवर कोळशाची खूण केली आणि त्या खुणेपासून वर मोजून काठ घासून घेतला. संध्याकाळी हौद चारी अंगांनी सारखा सांडला. मी त्या दिवशी चहा न घेता घरी गेले.

आणि तरीही आम्ही पोचलो असतो. बोट मुंबईला लागल्यावर गोहरबाई दोन दिवस तिथं काकाच्या मुलाकडे विश्रांती घेणार होत्या. तेवढ्यात चौथ्या भिंतीचा चुना वाळला असता. पण बाई उतरल्या, त्यांनी त्याच्या घरी हातपाय धुतले आणि पुढची गाडी धरली.

मी हौदाच्या काठाखालचा गाळ काढत होते. काकड्या भिंतीवर बसून चुन्याचा शेवटचा हात मारत होता. तो म्हणाला, “शेठ, टांगा येतंय. आत बाय हाय. नाक तुमच्यावानीच.”

मेहेरबानशेठ सुरूच्या झाडामागं लपले. सहा फुटांचा माणूस, वीतभर जाडीचं खोड. तिथून मला म्हणाले, की तिला घरात बसव, तासभर धर, मी बँकेत गेलोय म्हणून सांग.

मी चिखलाच्या साडीनं धावले. गोहरबाई टांग्यातून उतरत होत्या. फुलांच्या छिटाचा लांब झगा, खाली ढगळ पायजमा, डोक्याला पांढरा रुमाल गच्च बांधलेला. आणि उंची बरोबर माझ्याएवढी. त्यांनाही ते जाणवलं असावं, कारण त्यांनी माझा गाल थोपटला. व्हरांड्यात बसवून मी चहा दिला. आम्हांला एकमेकींची भाषा येत नव्हती. दोघींच्या बोलीत सारखा असलेला एक शब्द त्यांनी बरोबर शोधून काढला.

“बाग?” त्या म्हणाल्या.

“चहा,” मी म्हटलं.

“बाग.”

“बिस्किट,” मी बशी पुढे केली.

त्यांनी बिस्किट घेतलं, चहात बुडवून नीट खाल्लं आणि उठून चालू लागल्या. मी मागून. वाट विचारायची त्यांना गरज पडली नाही. व्हरांड्यासमोरून पाण्याचा पाट जात होता. त्यांनी पाणी कुठल्या दिशेनं येतंय ते बघितलं आणि त्याच्या उलट चालत राहिल्या, थेट भिंतीतल्या त्या लाकडी दारापर्यंत.

दारात मेहेरबानशेठ उभे होते. चिखलाच्या सदऱ्यावर काळा कोट चढवून, बटणं वरखाली लावून. त्रेचाळीस वर्षांनी भेटली ती भावंडं. बाईंनी हात उंच करून त्यांचा कान धरला, डोकं खाली ओढलं आणि दोन्ही गालांचे मुके घेतले. दोघंही रडत होती. मी पाटाकडे बघत राहिले.

मग शेठनी दार पूर्ण उघडलं आणि बाजूला झाले. बाई उंबऱ्यापाशी आल्या आणि थांबल्या. समोर सगळं होतं: पाट, खोल वाफे, वाटेच्या काठाला लागलेली फुलं, हौद, हौदात आभाळ. त्या बघत राहिल्या, पण पाऊल उचलेनात. काकड्यानं भिंतीवरच कुंचला खाली ठेवला.

“संपला,” शेठ मला हळूच मराठीत म्हणाले. “ओळखला तिने. चुना ओला हाय नी.”

बाईंनी काहीतरी विचारलं. त्यांनी पुन्हा विचारलं, अगदी हलक्या आवाजात. शेठचा चेहरा असा झाला, की मला वाटलं आता हा माणूस पडतोय. मी विचारलं, काय म्हणतात?

“विचारते,” शेठ म्हणाले, “आत येऊ काय.”

मला काही कळेना. मी म्हटलं, या म्हणा की.

त्यांनी तुटक तुटक सांगितलं. व्यापाऱ्याचा हुकूम होता: माळ्यानं आत यावं, हाताखाली म्हणून त्याच्या मुलानं यावं, घरचं दुसरं कुणी भिंतीच्या आत दिसता कामा नये. गोहर कधी आत आलीच नव्हती.

“रोज दुपारी ती रोटी घेऊन यायची. दार वाजवायची. मी धावत जायचो, तिच्या हातातनं फडका घ्यायचो नी दार लावून घ्यायचो. आत सावली, गार पाणी. मी बापाजवळ बसून खायचो. ती उन्हातनं परत जायची. पाच वर्षं, डिकरी. मला वाटायचा, तिने बघितलेला असेल. माझ्या डोक्यात कधी आलाच नाय.”

सात आठवडे आम्ही ज्या डोळ्यांना घाबरून दगड न् दगड मोजला, त्या डोळ्यांनी त्या बागेचं दार सोडून काही पाहिलेलंच नव्हतं. मी वाफे उंच ठेवले असते, हौद गोल केला असता, डाळिंबांच्या जागी सरळ चिकू लावले असते तरी चाललं असतं. मला शेठचा राग आला, आणि त्याच वेळी त्यांच्या कोटाची वरखाली लागलेली बटणं नीट लावून द्यावीशी वाटली. दोन्ही एकदम होऊ शकतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

शेठनी बहिणीचा हात धरून तिला आत नेलं. उंबऱ्याशी तिनं चपला काढल्या. वाटेवरून चालताना ती दोन्हीकडे खाली बघत होती आणि पाऊल असं टाकत होती, जणू फुलं पायाखाली येतील. शेठ बोलत होते, ती विचारत होती. भिंतीपाशी तिनं हात टेकला, बोटं पांढरी झाली. तिनं बोटांकडे बघितलं, भावाकडे बघितलं. शेठनी मान खाली घातली आणि सगळं सांगून टाकलं, अठ्ठावीस वर्षांचं, टोळधाडीसकट. बरंच लांबलं ते. मध्ये त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं, बहुतेक माझ्या उंचीचा विषय निघाला असावा. बाईंनी ऐकून घेतलं, पांढरी बोटं त्यांच्या कोटाच्या बाहीला पुसली आणि काहीतरी म्हणाल्या.

मी शेठकडे बघितलं.

“म्हणते, पाय दुखतात. बाप बसायचा ती जागा कुठली ते सांग.”

हौदाच्या काठाशी, सुरूच्या सावलीत, ती जागा होती. बाई तिथं बसल्या आणि पाय पाटात सोडले. शेठ वळले आणि लांब लांब ढांगा टाकत घराकडे गेले. मी मागं गेले, मला वाटलं त्यांना बरं वाटत नाहीये. ते सरळ स्वयंपाकघरात शिरले. डब्यातल्या सकाळच्या पोळ्या काढल्या, एक कांदा, पनीरचा तुकडा, सगळं एका फडक्यात बांधलं. मला पाण्याचा तांब्या दिला. परत आलो तेव्हा त्यांनी बाहेरून दार ओढून घेतलं आणि वाजवलं.

पाटातले ओले पाय वाटेवर वाजत आले. दार हातभर उघडलं. गोहरबाईंनी आधी भावाकडे बघितलं, मग त्याच्या हातातल्या फडक्याकडे. त्यांनी ते फडकं हिसकून घेतलं, माझ्या हातातला तांब्याही घेतला आणि आमच्या तोंडावर दार लावलं. आतून कडी पडल्याचा आवाज आला. मग हसणं ऐकू आलं, साठ वर्षांच्या बाईचं वाटणार नाही असं.

आम्ही दोघं बाहेर. काकड्या भिंतीवरून आत बघत होता. थोड्या वेळानं म्हणाला, “खातंय, शेठ.”

मी विचारलं, हाक मारू का?

“नको,” मेहेरबानशेठ म्हणाले. “जेवू दे तिला.”

चिकूची सावली चार पावलांवर होती. ते भिंतीला टेकून उन्हातच बसले.